पुढच्या दोन खोल्या

आमच्या देवघराच्या फळीवर, पोथ्यांच्या शेजारी, लाल कापडी बांधणीची एक वही ठेवलेली असते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती खाली उतरवायची, पुसायची, तिला हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायची, हा आमच्या घरचा साठ वर्षांचा रिवाज आहे. आम्ही काही व्यापारी नव्हे. वडील पोस्टात कारकून होते आणि मी शाळामास्तर. कापसाच्या मुलखात जन्म घेऊन कापसाचे एक बोचकेही आम्ही कधी विकले नाही. वही आहे ती किरायाची. पुण्यामुंबईचे वाचक ज्याला भाडे म्हणतात, त्याला आमच्या यवतमाळात किराया म्हणतात आणि भाडेकरूचा इकडे किरायेदार होतो. शब्द बदलतो; दोघांमधले नाते मात्र सगळीकडे सारखेच अवघड.

घरमालक हा प्राणी वाङ्मयात मुळीच लोकप्रिय नाही. नाटकात तो येतो तो छत्री आपटीतच येतो आणि तीन महिन्यांचे थकलेले भाडे मागून नायिकेला रडवून जातो. नायक बहुधा भाडेकरूच असतो, आणि भाडे थकवणे हा त्याच्या उमद्या स्वभावाचा भाग मानला जातो. या गोष्टी वाचून मीही पुष्कळ हसलो आहे. आपण छत्रीवाल्याच्या बाजूचे आहोत, हे मला फार उशिरा उमगले.

हे घर वडिलांनी १९६४ साली बांधले. विटांच्या भिंती, सागाची दारे, वर कवेलू, मागे विहीर आणि लिंबाचे एक झाड. घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी पहिल्या दिवसापासून किरायासाठी राखून ठेवल्या होत्या. घरावर कर्ज होते. त्याचा हप्ता पगारातून वजा झाल्यावर जे हातात येई, त्यात महिना गाठणे कठीण होते. "या दोन खोल्या म्हणजे आपली गाय आहे," असे आई म्हणे. "दूध पाहिजे ना? मग आधी कडबा घाला."

आईचे हे म्हणणे वडिलांनी हिशेबात उतरवले होते. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहून ठेवले आहे : वर्षाचे महिने बारा, किरायाचे महिने दहा. एक महिना कवेलूंचा आणि एक रिकाम्या खोलीचा. मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, भिंतींना चुना द्यायचा, यात एका महिन्याचा किराया जाई. किरायेदार बदलला म्हणजे खोल्या काही दिवस रिकाम्या राहत, त्यासाठी दुसरा. उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे तेवढे आपले. पुढे मी गुंतवणुकीवरची चार पुस्तके चाळली. पण याहून शहाणे वाक्य मला त्यांत सापडले नाही.

१९७१ साली त्या खोल्यांत एक शिंपी राहायला आले. सारी गल्ली त्यांना मास्टर म्हणे. मी तेव्हा मास्तर व्हायच्या तयारीत होतो. पुढे मी मास्तर झालो आणि ते मास्टर होतेच. बाहेरून कुणी हाक मारली, की आम्ही दोघेही 'ओ' देत असू. मी त्यांना मास्टरकाका म्हणे आणि ते मला गुरुजी म्हणत. बाहेरच्या खोलीत त्यांचे मशीन आणि आतल्या खोलीत संसार. किराया बावीस रुपये.

वहीत त्यांची सारी वर्षे आहेत. १९७२च्या दुष्काळात नवे कपडे शिवणार कोण? त्या साली चार महिन्यांपुढे वडिलांच्या वळणदार अक्षरात 'निम्मा' असा शेरा आहे. १९७३ साली आमच्या गावात साहित्य संमेलन भरले, गदिमा अध्यक्ष होते. त्या धामधुमीत मास्टरकाकांकडे सदऱ्यांचे मोठे काम आले, आणि त्याच महिन्यापुढे नोंद आहे : 'मागील सर्व बाकी जमा'. साहित्यामुळे थकलेला किराया वसूल झाल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

वडील १९८९ साली गेले आणि वही माझ्या हाती आली. १९९६ साली तिच्यात मास्टरकाकांच्या नावापुढे आकडा होता चाळीस. पंचवीस वर्षांत बावीसचे चाळीस! शेजारच्या घरात तशाच दोन खोल्यांना पाचशे येत होते. माझी मुलगी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होती. छपराचे दोन वासे वाळवीने पोखरले होते. गायीला कडबा घालायचा, तर तिच्या दुधात कडब्याची पेंढीदेखील येत नव्हती.

इथे थोडे कायद्याचे सांगावे लागेल. दिवाळीच्या दिवसांत कायदा म्हणजे फराळात खडा, पण इलाज नाही. भाड्याच्या बाबतीत महाराष्ट्र दीर्घकाळ एक नव्हता. मुंबईकडे १९४७चा मुंबई भाडे कायदा, मराठवाड्यात १९५४चा हैदराबादचा कायदा, आणि आम्ही जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले म्हणून आम्हाला १९४९चा रेंट कंट्रोल ऑर्डर. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी हा ऑर्डर जागचा हलला नाही. किरायेदाराला नुसती नोटीस द्यायची, तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. परवानगी मिळाली म्हणजे नोटीस, आणि नोटिशीनंतर दिवाणी दावा. परवानगीसाठी कारण दाखवावे लागे : किराया थकला, पोटकिरायेदार ठेवला, घराचे नुकसान केले, किंवा मालकाला स्वतःला राहायला जागेची खरी गरज आहे. युद्धानंतरच्या टंचाईत गोरगरिबांचे छप्पर टिकावे, हा हेतू चांगलाच होता. पण भाव गोठले आणि मालकांनी डागडुजी सोडली. मुंबईत पागडी आली आणि चाळींना टेकू लागले. आमच्याकडे लोकांनी खोल्यांना कुलपे घातली. किरायेदार ठेवला तर तो जायचा नाही, त्यापेक्षा उंदीर बरे, असे म्हणणारे माझ्या ओळखीचे दोन गृहस्थ होते.

धाकटा भाऊ नागपूरहून आला, त्याने वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "दादा, तू किराया घेत नाहीस, दान करतोस," तो म्हणाला. एका स्नेह्यांनी याहून सोपी युक्ती सांगितली : विहिरीच्या दाराला कुलूप घाला, नळ बंद करा, महिनाभरात जातील. तिला मी नकार दिला, यात माझी थोरवी नाही. आई बसली होती, आणि तिच्या देखत पाण्याला कुलूप घालण्याची माझी छाती नव्हती. मग आम्ही वकिलाकडे गेलो. किराया थकलेला नव्हता, पोटकिरायेदार नव्हता, नुकसान नव्हते. उरले एकच कारण. वकिलांनी अर्ज टंकलिखित करून दिला : अर्जदाराच्या मुलीच्या अभ्यासासाठी व कुटुंबाच्या राहण्यासाठी सदर खोल्यांची निकड आहे. सोबत प्रतिज्ञापत्र. सोमवारी येऊन सही करा, म्हणाले.

मुलगी नागपूरला, आणि मागे आमच्या चार खोल्यांत आम्ही तीन माणसे. निकड होती ती पैशाची, जागेची नव्हे. अर्ज मी वहीत ठेवला आणि स्वतःची समजूत घालू लागलो, की सगळे असेच लिहितात.

रविवारी पहिली तारीख होती. मास्टरकाका नेहमीप्रमाणे सकाळी आले आणि चार नोटा त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. नेहमी पैसे ठेवून ते चहाला बसत. त्या दिवशी उभेच राहिले.

"गुरुजी, पावती देता का जी?"

"पावती?"

"तुम्ही केस करून राहिले म्हनते. एकजन म्हने, आता पावतीबिगर पैसे देऊ नोका."

मला राग आला. पंचवीस वर्षांचा घरोबा आणि आज पावती! माझ्या लग्नातला कोट यांनी शिवलेला, वडिलांच्या शेवटच्या आजारात रात्री जागायला हे आलेले, आणि आता यांचा माझ्यावर विश्वास नाही! कागद शोधण्यासाठी म्हणून मी वही उघडली, आणि तेव्हा ध्यानात आले, की या पंचवीस वर्षांत आम्ही त्यांना एकदाही पावती दिलेली नव्हती. तीनशे महिने हा माणूस येऊन पैसे ठेवून गेला, आणि त्याच्या घरी त्याचा एक चिटोराही नव्हता. सारा पुरावा आमच्या वहीत, आमच्या अक्षरात. विश्वास त्यांनी ठेवला होता. आम्ही त्यांच्यावर काय ठेवले होते? मी पाने उलटीत गेलो. 'निम्मा', 'निम्मा', 'मागील सर्व बाकी जमा'. एकही महिना कोरा नव्हता. आणि त्याच पानांत माझी खोटी शपथ घडी घालून ठेवलेली होती.

मी पावती लिहिली. मग, कसे कोण जाणे, पण सरळ म्हणालो, "काका, मला खोल्या नकोत. मला किराया पुरत नाही. छप्पर पडायला आलंय."

ते खाली बसले. बराच वेळ मशीनवर बसून सुजलेली बोटे चोळीत राहिले आणि म्हणाले, "मंग असं सांगा ना बाप्पा! इतके साल कोनी काही म्हनलंच नाही. मले वाटे, तुमच्या वडिलायनं लावला तोच किराया. मी कायले वाढवू?"

चहा होईपर्यंत दोनशे रुपये ठरले. वासे मी बदलायचे, किराया त्यानंतर वाढायचा, आणि दर दिवाळीला बसून पुन्हा बोलायचे. भाऊ रागावला, पाचशेच्या जागी दोनशे म्हणजे व्यवहार नव्हे, असे त्याचे म्हणणे. ते खरेच होते. पण वाढ न मागण्यात वडिलांचा आणि माझा जो भिडस्तपणा होता, त्याचे पैसे एका दिवसात मास्टरकाकांकडून वसूल करायचे, हाही व्यवहार नव्हता.

२००३ साली त्यांच्या मुलाने वाघापूरला घर बांधले. जाताना त्यांनी दोन्ही खोल्यांना स्वतःच्या पैशाने चुना दिला, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घेतल्या तशा देल्या पाहिजे." नंतर कित्येक महिने मशीनची घरघर ऐकू आली नाही, म्हणून मला सकाळी जाग येईना.

एवढे शिकून मी शहाणा झालो असेन, असे वाचकांना वाटेल. छे! पुढचा किरायेदार मी गोड बोलण्यावर ठेवला. कोट-टाय, हातात मिठाईचा डबा, 'काकाजी, काकाजी' अखंड. करार करू या, म्हटले तर तो म्हणाला, "आपल्यात कागद कशाला?" माझ्या डोळ्यांसमोर मास्टरकाका आले आणि मी विरघळलो. सात महिन्यांनी किराया थांबला. मी अडीच हजार म्हणालो, तर तो म्हणे दीड हजारच ठरला होता. मी लाल वही घेऊन वकिलाकडे गेलो. त्यांनी ती पाहिली आणि हसले. "वही तुमची, अक्षर तुमचे आणि सही कुणाचीच नाही." मग त्यांनी सांगितले ते ऐकून मी गारच झालो. ३१ मार्च २०००पासून साऱ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला होता. त्यात लिहिले आहे, की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास दंड किंवा कैददेखील. आणि असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच खरे. म्हणजे फसलेलाही मी आणि गुन्हेगारही मीच. चौदा महिन्यांनी, बाकी सोडून दिली तेव्हा, खोल्या मोकळ्या झाल्या.

ही सारी कहाणी आठवण्याचे कारण असे, की गेल्या दिवाळीत पाडव्याला मास्टरकाकांचा मुलगा फराळ घेऊन आला. काका आता नाहीत. मुलगाही निवृत्तीला आला आहे. "काकाजी," तो म्हणाला, "वाघापूरच्या घरावर दोन खोल्या काढल्या किरायानं द्याले. तुमाले इचाराले आलो. लिहून काय काय घ्या लागते?"

या घरात जन्मलेला किरायेदाराचा मुलगा घरमालक होऊन माझ्याकडे आला होता! मी वही खाली उतरवली आणि मास्तरकी सुरू केली. तेच इथेही सांगतो. कुणाच्या कामी आले तर दिवाळीचा फराळ समजून घ्यावे.

पहिली गोष्ट, करार. 'लीव्ह अॅण्ड लायसन्स'चा लेखी करार करावा आणि त्याची नोंदणी करावी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. आता तर ही नोंदणी घरबसल्या अंगठा देऊन होते. करारात किराया, डिपॉझिट, मुदत, वीज-पाण्याचे कोणी भरायचे, आणि मुदत वाढवल्यास किराया किती वाढेल, हे सारे लिहावे. मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्यानंतरच्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे मागता येतात. सोडताना भांडण होते ते डिपॉझिटवरून. म्हणून येताना नळ, पंखे, दारे, खिडक्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात.

दुसरी गोष्ट, वाढ. ती दर वर्षी थोडी घ्यावी. जुन्या भाडेकरूंसाठी कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली आहे. हे काही फार नव्हे. बावीस रुपयांवर पंचवीस वर्षांत जेमतेम एकोणसाठ होतात, हे मी वहीच्या मागच्या पानावर करून पाहिले आहे. पण थोडी वाढ म्हणजे दर वर्षी एकदा समोरासमोर बसणे. ते बसणे चुकले, की पंचवीस वर्षांनी वकिलाकडे बसावे लागते.

तिसरी गोष्ट, कडबा. दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊनही ती केली नाही, तर तो स्वतः करून त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च कापून घेऊ शकतो. प्राप्तिकरातही नगरपालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्या किरायातून ३० टक्के सूट मिळते. ते पैसे घराचे आहेत, आपले नव्हेत, असे समजावे.

चौथी गोष्ट, पाणी. पाणी आणि वीज तोडणे हा कायद्याने गुन्हा आहेच. पण आमच्या गावी तो कायद्याच्याही आधीचा गुन्हा आहे. २०१८च्या उन्हाळ्यात धरणे आटली आणि साऱ्या यवतमाळात टँकरमागे रांगा लागल्या, तेव्हा पुढच्या खोल्यांत रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका आणि तिची आई राहत होती. आमच्या विहिरीत सकाळी दहा बादल्या येत. पाच त्यांच्या आणि पाच आमच्या, असे ठरवले. ती रात्रपाळीहून आली, की माझ्या बायकोचा रक्तदाब पाहून जाई. पाण्याचा किराया मला याहून अधिक कुणी दिला नसता.

"आनि काकाजी," त्याने विचारले, "पोरगा म्हनते, आता रेल्वे येऊन राहिली, एक प्लॉट घेऊन ठेवू."

खरे आहे. आमची छोटी शकुंतला बंद पडली, पण वर्ध्याची मोठी गाडी फेब्रुवारी २०२४मध्ये कळंबपर्यंत आली, आणि तिच्या आधीच प्लॉटच्या भावांची गाडी गावात येऊन थांबली. मी म्हटले, घ्यायचा तर सातबारा आणि फेरफार पाहा. जमीन अकृषक झाली आहे का, ले-आऊट मंजूर आहे का, हे स्वतः कार्यालयात जाऊन पाहा; रंगीत नकाशावर बाग काढलेली असते, ती जमिनीवर असेलच असे नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर ले-आऊट पाडून विकत असतील, तर रेराची नोंदणी विचारा. नझूलची जागा असेल, तर पट्ट्याची मुदत पाहा. आणि किरायाच्या आशेने कर्ज काढून घर घेणार असाल, तर आधी वडिलांचे गणित करा. समजा, घर ४० लाखांचे आणि किराया महिना ९ हजार. दहा महिन्यांचे झाले ९० हजार. म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्के. बँकेतली ठेव याहून अधिक देते, आणि तिचे कवेलू फेरावे लागत नाहीत. घर घ्यावे ते राहण्यासाठी, किंवा भाव वाढेल न वाढेल हे सोसण्याची ऐपत असेल तर.

तो मन लावून ऐकत होता आणि बोलता बोलता वहीची पाने चाळीत होता. बापाचे नाव दिसेल तिथे थांबत होता. थांबता थांबता १९९६ आले आणि पिवळा पडलेला एक टंकलिखित कागद त्याच्या मांडीवर पडला. मी हात पुढे केला, पण तोवर त्याने घडी उघडली होती. त्याने तो वाचला. खाली सहीची रिकामी जागा होती, तिथे त्याची नजर जरा वेळ थांबली. माझ्या घशाला कोरड पडली. अठ्ठावीस वर्षे मी तो कागद का फाडला नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

"बाबाले मालूम होतं," तो म्हणाला. "वकिलाचा कारकून आमचाच गिऱ्हाईक होता. त्यानं वाचून दाखवलं होतं."

"म्हणजे त्या रविवारी..."

"हो जी. माय म्हने, काही बोलू नोका, भांडन होईन. बाबा म्हने, मी नाही बोलत. मी फकस्त पावती मांगतो."

त्याने कागदाची घडी पूर्ववत घातली, होती त्याच पानात ठेवली आणि वही माझ्याकडे दिली. आत बायको करंज्या तळत होती. तिने त्याला जेवूनच जा म्हणून बजावले. जाताना दाराशी चपला घालीत तो म्हणाला, "तं मंग पयले काय करू, काकाजी?"

"पहिल्यांदा," मी म्हटले, "एक पावतीपुस्तक विकत घे."